झेडपीची शाळा पाहायला जाताना

भाऊ, जूनमध्ये पोराचं नाव टाकायचं असेल तर शाळा आताच, कापूस वेचणीच्या दिवसांत पाहून घ्या. पंधरा ऑगस्टला सगळ्याच शाळा चकाचक असतात. पटावर किती अन् वर्गात किती, ते मोजा. काही पोरं वावरात गेलेली असतीलच. कोण कुठं गेलं हे गुरुजींना ठाऊक आहे का, घरी निरोप धाडला का, ते विचारा.

मग तिसरीतल्या पोराला पुस्तकाचं मधलंच पान उघडून वाचायला सांगा. पहिला धडा पाठ असतो. वाचून झाल्यावर त्यात काय झालं ते आपल्या वऱ्हाडीत विचारा. पोरगं बोलीतच सांगू लागलं अन् मॅडमनं टोकलं नाही, तर मी त्या वर्गाला निम्मे मार्क तिथंच देतो.

दोनच शिक्षक म्हणून नाक मुरडू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या 60 पोरांपर्यंत दोनच धरलेत. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काय काम दिलंय, ते पाहा. भिंतीवरची चित्रं सोडा. खिचडी चाखा, मुलींच्या संडासात पाणी आहे का बघा.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. तिच्या सभांची वही मागा; सगळ्या सह्या एकाच हातच्या दिसल्या तर मुख्याध्यापकांना तिथंच विचारा.