बोलणे नाही, पेन्सिल नाही. मग अक्षरे कशी शिकवावीत?

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला बोलता येत नाही, पेन्सिल धरता येत नाही. 'हो' म्हणायचे असले की ती नजर वर करते. ‘आधी चित्रे दाखवून गरजा सांगायला शिकू दे, अक्षरांचे नंतर पाहू,’ असे शाळेचे म्हणणे आहे. टीएमटीच्या बसमधून मात्र ती दुकानांच्या पाट्या टक लावून पाहते. थांबावे का?
– एक आई, कळवा

उत्तर : थांबू नये. चित्रांच्या तक्त्यावर दुसऱ्याने जेवढे निवडून ठेवले असेल तेवढेच तिला सांगता येते. कोणाला सुचलेही नसेल असे काही सांगायचे तर अक्षरेच लागतात. चित्रे काढून मात्र घेऊ नयेत. आयआयटी मुंबईत तयार झालेले, चित्रांच्या मदतीने संवाद साधून देणारे ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे, ते अक्षरांच्या जोडीने वापरावे.

पेन्सिलीचे काम तिची नजर करील. पुठ्ठ्यावर क-वर्ग, च-वर्ग अशा ओळी ठळक लिहा, एकेका ओळीवर बोट ठेवून ‘या ओळीत?’ असे विचारा आणि नजर वर गेली की त्या ओळीतले एकेक अक्षर दाखवा. क ते म या 25 व्यंजनांपैकी कोणतेही अशा रीतीने फार तर 10 प्रश्नांत सापडते. वर्णमाला रचणाऱ्यांनी आपली मोठीच सोय करून ठेवली आहे. काना-मात्रांची घाई नको.

सुरुवातीचे काही महिने ती वाटेल ती अक्षरे निवडेल. इतर मुले भिंतीवर रेघोट्या ओढतात, तशा या तिच्या रेघोट्या आहेत. त्या दुरुस्त न करता तारीख घालून वहीत उतरवाव्यात. ऐरोलीच्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत कितीतरी पाने अशीच भरली होती. एके दिवशी, खाऊच्या गप्पा चालल्या असताना, त्याने ‘व’, ‘प’, ‘व’ निवडले. वडापाव! ‘ड’ राहिला होता, एवढेच.

शाळेशी बोलताना 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम 17 दाखवावे. पर्यायी संवादपद्धतींच्या वापराला चालना देण्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि त्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढून, एका पानावर एक असे चिकटवून, तिचे पहिले पुस्तक या आठवड्यातच करा. वाचताना ‘हे काय, ते काय’ अशी परीक्षा घेऊ नका; पान उलटण्यापूर्वी तिच्या नजरेला पुरेसा वेळ द्या.