नियम सोलापूरचा, सही मंत्रालयाची

विधिमंडळाचे अधिवेशन आले की बांधकाम नियमांवरची भाषणे गाजतात. महापालिकांनी आपले नियम आपणच करावेत, असे काही आमदार म्हणतात. राज्यभर एकच नियमावली हवी, असे दुसरे म्हणतात. वाचक मात्र विचारतात की या सगळ्यात आमच्या प्लॉटचे काय. सोलापूर शहर, हद्दवाढ भाग आणि लगतच्या गावांतून आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : आमदार म्हणतात अधिकार महापालिकेचा, नगरसेवक म्हणतात आमच्या हातात काही नाही. मग सोलापुरातला बांधकामाचा नियम ठरवतो कोण? (जुळे सोलापूर)

राज्याचा नगरविकास विभाग. शहरागणिक असलेले वेगवेगळे नियम बाजूला सारून शासनाने 2 डिसेंबर 2020 रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. तिलाच आपण युडीसीपीआर म्हणतो. बृहन्मुंबई महापालिका आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडली तर ती राज्यभर लागू आहे. महापालिका तिची अंमलबजावणी करते. तिच्यातले एक कलमही स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाही.

74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगररचना, जमीनवापर आणि बांधकाम नियमन ही कामे पहिल्या दोन नोंदींत घातली, हे खरे. पण अनुच्छेद 243 डब्ल्यू ही कामे महापालिकेच्या हातात थेट ठेवत नाही. ती किती द्यायची, हे विधिमंडळ कायद्याने ठरवते. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, म्हणजे एमआरटीपी. त्यात महापालिका 'नियोजन प्राधिकरण' आहे, पण शेवटची मंजुरी शासनाची.

नियम बदलण्याचे रस्ते दोन. कलम 37(1) नुसार सर्वसाधारण सभा ठराव करते, फेरबदलाची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाकडे जातो. दुसरा रस्ता कलम 37(1एए) चा. त्यात लोकहिताचे कारण देऊन शासन स्वतःच नोटीस काढते. सभागृहाच्या ठरावाची तिथे गरज नसते. गोम अशी की अनेकदा अशा नोटिशीसोबतच कलम 154 खालचे निर्देश निघतात आणि बदल लगेच लागू होतो. तुम्ही हरकत लिहीत असता तेव्हा नवा नियम चालू झालेला असतो.

म्हणून विधानसभेतल्या भाषणापेक्षा राजपत्रातल्या नोटिशीवर डोळा ठेवा. एमआरटीपीची कलमे बदलायची तर विधेयक दोन्ही सभागृहांतून जाते. एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग बदलायला अधिसूचना पुरते. त्यावर आमदार फार तर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावू शकतात. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे सोलापुरात सभागृहच नव्हते आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. स्थानिक नियंत्रणाची चर्चा करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

हरकत द्यायची तर नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचे नाव-पत्ता असेल त्याच्याकडेच, मुदतीत आणि पोच घेऊन द्या. नियमाचा क्रमांक लिहा, तुम्हाला हवे ते पर्यायी वाक्य लिहा आणि एका खऱ्या प्लॉटचे आकडे मांडून परिणाम दाखवा. 'सोलापूरवर अन्याय' एवढ्याच मजकुराचे पत्र फायलीला लागते, निर्णयाला नाही. शहरापुरती वेगळी तरतूद हवी असेल तर ती युडीसीपीआरच्या प्रकरण 10 मध्ये घालण्याची मागणी करा. ते प्रकरण शहरनिहाय विशेष तरतुदींचेच आहे.

आमचे मत विचाराल तर एकच नियमावली आल्याने तक्ते स्पष्ट झाले आणि टेबलागणिक अर्थ बदलण्याचे प्रकार कमी झाले. पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहराला आणि नाशिकला एफएसआयचा तक्ता एकच, हे काही पटत नाही. मजल्यांची मुभा पाण्याच्या उपलब्धतेशी जोडण्याचा अधिकार तरी महापालिकेला असायला हवा.

प्रश्न : माझा 2000 चौरस फुटांचा प्लॉट साडेसात मीटर रस्त्यावर आहे. शेजारच्या 9 मीटर रस्त्यावर चार मजले उठले. मला परवानगी का नाही? नगरसेवक वाढवून देऊ शकतात का? (विजापूर रोड)

नगरसेवकांना ते शक्य नाही. दाट वस्तीबाहेरच्या भागात महापालिका क्षेत्रासाठी मूळ एफएसआय 1.10 आहे. त्यावरचे सगळे रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियमही (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआरही (आरक्षणात जमीन देणाऱ्याला मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) नाही. 9 ते 12 मीटरला प्रीमियम 0.50 आणि टीडीआर 0.40, एकूण 2.00. पुढे रुंदीप्रमाणे टीडीआर वाढत जातो आणि 30 मीटर व त्यावरच्या रस्त्याला एकूण 3.00 पर्यंत पोचतो.

तुमच्या प्लॉटला 2000 गुणिले 1.10 म्हणजे 2200 चौरस फूट. शेजाऱ्याला तेवढ्याच प्लॉटवर 4000. याशिवाय निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे जिना-बाल्कनीसारख्या पूरक भागांसाठीचा, पैसे भरून मिळतो. तुमच्या 2200 वर तो 1320, म्हणजे एकूण 3520. मात्र जिना, बाल्कनी, लिफ्ट, पॅसेज हे सगळे आता पी-लाइनच्या (इमारतीच्या बाहेरच्या बांधकाम-रेषेच्या) आत मोजले जाते. जुन्या नियमांप्रमाणे 'जिना फ्री' धरून नकाशा काढला की छाननीत क्षेत्र जास्त भरते आणि फाइल परत येते. शिवाय मार्जिन आणि पार्किंग सोडल्यावर एवढे बांधकाम प्लॉटवर बसते का, हे आर्किटेक्टकडून आधी काढून घ्या. लहान प्लॉटवर बहुधा एफएसआय शिल्लक राहतो आणि जागा संपते.

रस्त्याची रुंदी डोळ्यांनी मोजू नका. विकास योजनेत (शहराच्या रस्ते व आरक्षणांच्या मंजूर आराखड्यात) किंवा मंजूर लेआउटमध्ये जी दाखवली आहे तीच धरतात, म्हणून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 नुसार आयुक्त रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकतात. गल्लीतले सगळे मालक मिळून रुंदीकरणाची मागणी करत असतील तर चर्चा या कलमावर करा. हा अधिकार मात्र खरोखर स्थानिक आहे.

प्रश्न : शेळगीत 2012 साली दोन गुंठे घेतले. विधिमंडळात कायदा बदलला, आता सगळे नियमित झाले, असे दलाल सांगतो. खरे का? (शेळगी)

अर्धे खरे. इथे दोन कायदे आणि एक परवाना अशी तीन कामे आहेत. दलाल पहिले सांगून तिन्ही झाल्याचे भासवतो.

पहिले काम व्यवहाराचे. जमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याविरुद्ध झालेल्या खरेद्या नियमित करायला 2017 च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम ठेवली होती. ऑक्टोबर 2024 च्या अध्यादेशाने ती 5 टक्के केली. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने शहरी आणि विकास योजनेतल्या निवासी, व्यापारी अशा क्षेत्रांतील 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 दरम्यानचे व्यवहार शुल्काविना नियमित करण्याची वाट काढली. यातून उताऱ्यावरचा शेरा जातो आणि नाव लागते. प्लॉट मंजूर होत नाही. खरेदीखत नोंदणीकृत नसेल, नुसती नोटरी किंवा साठेखत असेल, तर आधी तो दस्त सरळ करावा लागतो.

दुसरे काम प्लॉटचे. त्याला गुंठेवारी (मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट) अधिनियम 2001 लागतो. मुळात 1 जानेवारी 2001 पर्यंतचीच गुंठेवारी त्यात बसत होती. 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 झाली. तुमचा 2012 चा प्लॉट म्हणून आता बसतो. अर्ज महापालिकेकडे. सोबत खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, अस्तित्वातील रेखांकन आणि बांधकाम असेल तर त्याचा नकाशा जोडा. प्रशमन शुल्क (अनधिकृत बाब नियमित करण्याचे शुल्क) आणि विकास शुल्क भरावे लागते. मुदतीपूर्वी प्लॉट व बांधकाम होते याचा पुरावा म्हणून घरपट्टीची जुनी पावती आणि वीजबिल उपयोगी पडते. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, हा मात्र हद्दवाढ भागातला फार जुना गैरसमज आहे. कर आकारणी वेगळी, परवाना वेगळा.

अर्ज अडकतात ते साधारण तीन ठिकाणी: प्लॉट आरक्षणात किंवा विकास योजनेच्या रस्त्यात येतो, जमीन सरकारी निघते, किंवा मोजणीच्या नकाशातल्या चतुःसीमा खरेदीखताशी जुळत नाहीत. तिसरी अडचण सर्वांत जास्त दिसते. मूळ गटाचा मालक प्रत्येकाला 'पूर्वेस रस्ता' लिहून देतो आणि जागेवर रस्ता नसतो. म्हणून एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गटातल्या सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून एकदाच मोजणी आणून रेखांकन करावे. खर्चही वाटला जातो.

तिसरे काम बांधकाम परवान्याचे. 31 डिसेंबर 2020 नंतर चढवलेला मजला गुंठेवारीत बसत नाही. त्याला नेहमीचा नियम.

अध्यादेशाबद्दल एक सावधगिरी. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो संपतो, आणि विधेयक होताना अटी बदलू शकतात. पैसे भरण्याआधी राजपत्रातला शेवटचा मजकूर तहसील कार्यालयात दाखवायला सांगा.

प्रश्न : वडिलोपार्जित जागेवर बागेचे आरक्षण आहे. महापालिका घेतही नाही, सोडतही नाही. आमदारांकडून उठवून घेता येईल? (मजरेवाडी)

आमदारांच्या पत्राने आरक्षण उठत नाही. एमआरटीपीच्या कलम 127 ने उठू शकते. अंतिम विकास योजना अमलात येऊन 10 वर्षे झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. पूर्वी ही मुदत 12 महिने होती. 2015 च्या दुरुस्तीने ती वाढवली. नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र हे 'पाऊल' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितले आहे.

या नोटिशी बहुतेक वेळा कागदपत्रे अपुरी म्हणून फेटाळल्या जातात. मालकी दाखवणारी कागदपत्रे नोटिशीसोबतच हवीत: चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, मोजणी नकाशा आणि आरक्षण क्रमांक दाखवणारा भाग नकाशा. वडिलोपार्जित जमिनीत वारस नोंद झालेली नसेल तर आधी ती करा, आणि नोटिशीवर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. एका भावाने दिलेल्या नोटिशीवर दुसऱ्याची हरकत आली की महापालिकेला आयते कारण मिळते. नोटीस आयुक्तांच्या नावे द्या, आवक क्रमांक घ्या; 24 महिने त्या तारखेपासून मोजले जातात. सुधारित योजना मंजूर होऊन तेच आरक्षण पुन्हा पडले तर दहा वर्षे कुठून धरायची यावर वाद होतो, म्हणून नोटीस त्याआधी गेलेली बरी. मुदत संपल्यावरही गप्प बसू नका, व्यपगत झाल्याची अधिसूचना शासनाकडून मागा.

महापालिका टीडीआर देऊ करेल. दाट वस्तीबाहेर तो दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट मिळतो. तो घ्यायचा तर सोलापुरात घेणारा बिल्डर कोण आणि काय भावाने, हे आधी पाहा; प्रमाणपत्र कपाटात ठेवून जमीन गेल्याचे समाधान कोणालाच नको असते.

नव्या प्रारूप योजनेत आरक्षण पडले असेल तर गोष्ट वेगळी. कलम 26 खालची नोटीस आल्यापासून 30 दिवसांत हरकत द्या. सुनावणी कलम 28 खालची समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि चारपर्यंत तज्ज्ञ असतात. नगरसेवकांचा आवाज सर्वांत थेट चालतो तो इथे. पुढे शासन मंजुरी देताना मोठे बदल करते तेव्हा तो भाग वगळून त्याची वेगळी नोटीस काढते. आधी हरकत मान्य झाली म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची जमीन याच टप्प्यावर पुन्हा अडकते.

प्रश्न : सरपंचांचा ना हरकत दाखला आहे. घर बांधायला पुरेल? (कोंडी, उत्तर सोलापूर तालुका)

गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीची परवानगी चालते, पण युडीसीपीआरच्या मापात. परवानाधारक अभियंत्याने सही केलेला नकाशा हवा. लहान निवासी घरांसाठी प्रक्रिया सोपी केलेली आहे: 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला कागदपत्रे व शुल्क भरून पोच घेणे पुरते, तर 150 ते 300 पर्यंत दहा दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. गावठाणाबाहेर शेतातल्या गटावर सरपंचांचा दाखला म्हणजे परवाना नव्हे. तिथे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, नगररचना विभागाच्या छाननीनंतर. बँक कर्ज देताना नेमका हाच कागद मागते.

प्रश्न : होटगी रोडला नियमात बसणारा नकाशा आहे, तरी उंचीवरून अडवला. का? (होटगी रोड)

विमानतळामुळे. इथे महापालिका आणि राज्य दोघांच्याही वर केंद्राचे 2015 चे उंचीविषयक नियम लागतात. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली तो वाद याच विमानतळाच्या अडथळ्याचा होता. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत क्षेत्र नकाशात तुमचा प्लॉट ज्या रंगात येतो त्यापुढची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते, जमिनीपासून नव्हे. समजा मर्यादा 510 मीटर आणि प्लॉटची पातळी 482 मीटर. मग मिळतात 28 मीटर, आणि त्यातच गच्चीवरची टाकी, लिफ्टची खोली, सोलरची चौकट, मोबाइलचा अँटेना सगळे आले. टाकी न धरता नकाशा काढणे ही नेहमीची चूक. मर्यादेच्या आत असाल तर महापालिका स्वतः परवाना देऊ शकते. लाल क्षेत्रात किंवा मर्यादेपलीकडे प्राधिकरणाचा दाखला लागतो. त्यासाठी प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची पातळी सर्वेक्षकाकडून प्रमाणित करून घ्या.

भुईकोट किल्ल्याजवळच्या वाचकांनाही असाच केंद्राचा नियम लागतो: संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, त्यापुढच्या आणखी 200 मीटरमध्ये, म्हणजे 300 मीटरपर्यंत, आधी परवानगी. जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा विचारूनच करा.