नऊ नकार आणि एक झाकली मूठ

"गुंतवणूकदार नाही म्हणतात, म्हणजे माझ्या धंद्यात दमच नाही असं समजायचं का?" नवा उद्योग मांडलेली माणसं मन मोकळं करायला, सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा शब्द बदलतात, पण चिंता बहुतेक हीच असते. एका तरुणाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो तिशीच्या आतबाहेरचा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम रुग्ण घरी करतो की नाही, हे कळावं म्हणून त्याने एक ॲप बनवलं होतं. नऊ गुंतवणूकदारांनी नकार दिला होता. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी पुन्हा तेच सादरीकरण उघडून स्लाइडी इकडच्या तिकडे. "मॅडम, मला अहो-जाहो नका करू," असं पहिल्याच भेटीत म्हणाला, आणि पाठोपाठ, "मी हरलोय का, एवढंच सांगा."

पहिल्या दोन भेटींत धंद्याचा विषय मी काढूच दिला नाही. झोप, जेवणाच्या वेळा, छातीतली धडधड, एवढंच. डॉक्टरांकडून तपासून यायला लावलं, सगळं ठीक निघालं. आठवडाभर न झोपलेल्या माणसाला हिशोबाची वहीसुद्धा मृत्युपत्रासारखी दिसते.

तिसऱ्या भेटीत गळ्यातले हेडफोन पाहून विचारलं, "काय ऐकतोस?"

"हिप-हॉप. या लोकांमुळेच तर उभा आहे."

तालावर शब्द फेकत जाणाऱ्या, म्हणजे रॅप करणाऱ्यांच्या, या अमेरिकी संगीतातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, की जे-झी या अमेरिकी रॅपरला गाणी काढणारी एकही कंपनी घ्यायला तयार नव्हती. तेव्हा त्याने गाडीतून सीडी विकल्या, दोन साथीदारांबरोबर रॉक-अ-फेला ही स्वतःची कंपनी काढली आणि १९९६ मध्ये पहिला अल्बम तिच्यातर्फे आणला. "म्हणजे नकाराला भीक घालायची नाही मॅडम. झोप गेली तर गेली."

"त्याला नाही कोण म्हणालं?"

"कंपन्या."

"आणि गाडीतल्या सीडी कोणी घेतल्या?"

तो थांबला. मी पुढे विचारलं, "तुझं ॲप कोण वापरतं?"

"बेचाळीस फिजिओथेरपिस्ट. पण ते फुकट वापरतात, त्यांना काय धरायचं!"

त्या बेचाळीस जणांना त्याने कधी पैसे मागितले नव्हते. का, तर आधी एक सुविधा पूर्ण व्हायची होती, मग दुसरी. खरं कारण कळायला अख्खी भेट गेली. गुंतवणूकदाराचा नकार त्याला दुखत होता, पण पचत होता: त्यांना क्षेत्र कळत नाही, बाजार मंद आहे, असं म्हणता येत होतं. रोज ॲप वापरणारी व्यक्ती "पैसे देऊन नको" म्हणाली असती, तर पळवाटच उरली नसती. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. नऊ जणांची दारं ठोठावणं हे धाडस वाटत होतं, पण ती दहाव्या दारापासून केलेली पळापळ होती. असे उद्योजक मी बरेच पाहिले आहेत. मेहनती असतात, त्यामुळे पळ लवकर ओळखू येत नाही.

त्या आठवड्यात मी घरी बसून या संगीताबद्दल वाचलं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका इमारतीच्या सामायिक खोलीत डीजे कूल हर्क या तरुणाने रेकॉर्ड वाजवल्या, आणि हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. पार्टी ठरवली त्याच्या बहिणीने, सिंडीने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून. प्रवेशाला मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. म्हणजे या कलेच्या वाढदिवसालासुद्धा तिकीट होतं! मला ती बहीण फार आवडली. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं फी सांगताना खिडकीबाहेर बघत असे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये टू शॉर्ट हा पोरगेला रॅपर गिऱ्हाइकाचं नाव गाण्यात गुंफून मागणीनुसार कॅसेट बनवायचा आणि विकायचा. कंपनीशी करार खूप नंतर झाला. कोण ऐकतंय हे त्याला नावानिशी ठाऊक होतं. माझ्या तरुणाला बेचाळीसपैकी चार नावं सांगता आली.

पुढच्या भेटीत त्याने निप्सी हसलची गोष्ट आणली. लॉस एंजेलिसच्या या रॅपरने २०१३ मध्ये 'क्रेनशॉ' हा संग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच्याच १००० सीडी प्रत्येकी १०० डॉलरला काढल्या. एका दिवसात संपल्या, त्यातल्या १०० जे-झीने घेतल्या. "म्हणजे फुकट देणं चुकीचं नव्हतं," तो हळूच म्हणाला, "मी दुसरी बाजू ठेवलीच नाही." हे मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून सोडून दिलं असतं.

तरी मी एक पाचर मारलीच. गाडीतून कॅसेटी विकणारे पुष्कळ होते, आपल्याला नावं माहीत आहेत ती मोजक्यांची. 'झोप गेली तरी चालेल' हा धडा या गोष्टींत आपण घालतो, त्यांच्यात तो असतोच असं नाही. आणि यश आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. एमसी हॅमर हा रॅपर १९९० मध्ये शिखरावर होता. पुढे सुमारे २०० माणसं पदरी बाळगली आणि १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. गुंतवणूक मिळाली असती तर पहिल्या महिन्यात काय केलं असतं, असं विचारल्यावर माझा तरुण म्हणाला, "बारा जण घेतले असते." कशासाठी, हे त्याला सांगता येईना.

शेवटी त्या बेचाळीस जणांना पैसे मागणारा संदेश त्याने माझ्यासमोरच लिहिला. तीन ओळी: पुढच्या महिन्यापासून एवढे पैसे लागतील, नको असेल तर तुमची माहिती उतरवून देतो, काही अडचण असेल तर फोन करा. पहिल्या मसुद्यात 'क्षमस्व' तीनदा होतं, ते काढायला लावलं. पाठवायचं बटण दाबायला चारेक मिनिटं लागली. मी काही बोलले नाही, पाणी पुढे केलं.

दोन आठवड्यांनी आला. सोळा जणांनी पैसे भरले होते, एकोणीस जणांनी काहीच कळवलं नव्हतं, सात जण सोडून गेले होते. त्या सातांतल्या दोघांची नावं त्याने मला दोनदा सांगितली, त्यामुळे लागलं होतं हे कळलं. गुंतवणूकदारांपैकी कोणाचा होकार आलेला नव्हता आणि तो विषयही त्याने काढला नाही.

"एका बाईंनी चाळीस मिनिटं झापलं मला," तो म्हणाला. "म्हणे, म्हाताऱ्या रुग्णांना तुझी अक्षरं दिसत नाहीत, आणि आता मी पैसे भरलेत तेव्हा ऐकून घे." हे सांगताना तो हसत होता. मग घड्याळ पाहिलं आणि पुढची भेट एक आठवडा पुढे ढकलता येईल का, असं विचारलं. अक्षरं मोठी करायची होती.