'टॉप १० ऑनलाइन कॅसिनो' छापाच्या याद्यांवर विश्वास ठेवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मडगावचे, तीन याद्या पाहिल्या, तिन्हींत पहिल्या नंबरला वेगळीच साइट, आणि गोव्यात कॅसिनो कायदेशीर असल्यामुळे ऑनलाइन खेळायलाही हरकत नसावी. मी म्हापशात हिशेब आणि टॅक्सची कामं करतो. माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्या एका मुलाची अशीच रँकिंगची साइट होती, त्यामुळे या धंद्यात पैसे कुठून येतात ते मी पाहिलं आहे.

साइटवर 'तज्ज्ञांनी तपासलेले' असं ठळक लिहिलेलं. जमेला मात्र एकच गोष्ट: कॅसिनोंकडून आलेलं कमिशन. ते दोन तऱ्हांनी मिळतं. लिंकवरून गेलेल्या माणसानं पहिल्यांदा पैसे भरले की ठरावीक रक्कम, नाहीतर तो पुढे जेवढं हरेल त्यातला टक्का. ही दुसरी तऱ्हा नीट लक्षात घ्या. तुम्ही जिंकलात तर यादीवाल्याच्या हाती काही पडत नाही, हरत राहिलात तर त्याची कमाई चालू राहते. कुणी दर वाढवून दिला की ती साइट वर सरकायची, तारे साडेचारचे पावणेपाच व्हायचे. कलंगुटला टॅक्सीवाल्याला चांगलं हॉटेल विचारलं तर तो नेईल ते वाईटच असेल असं नाही, पण त्यानं तेच का निवडलं हे आपण ओळखून असतो. या याद्यांत तेवढंही कळत नाही. कळलं तर पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

म्हणून तारे बघू नका, काय लिहिलेलं नाही ते बघा. जिंकलेले पैसे काढायला किती दिवस लागले, कुठली कागदपत्रं मागितली, कुठे नकार मिळाला, हे स्वतः पैसे भरून पाहिलेला माणूसच लिहू शकतो. बहुतेक याद्यांत त्याऐवजी बोनसचं कौतुक असतं. त्या बोनसचं गणित करून बघा: १०,००० रुपयांचा बोनस, अट ३५ पट खेळण्याची. म्हणजे साडेतीन लाखांच्या पैजा लावल्याशिवाय तो काढता येत नाही. स्लॉट, म्हणजे चक्रं फिरवून चित्रं जुळवायचा खेळ, ९६ टक्के परत देतो असं धरलं, तरी तेवढ्या पैजांत सरासरी १४,००० जातात. फुकटच्या दहा हजारांसाठी चौदा हजार!

परवान्याचं चिन्ह हे नुसतं चित्र, कोणीही चिकटवू शकतो. ब्रिटन आणि माल्टाच्या नियामकांकडे परवानाधारकांची नोंद सगळ्यांना खुली आहे. साइटचा पत्ता तिथे स्वतः शोधा. सापडला तरी तो परवाना त्यांच्या कायद्याखालचा, हे ध्यानात ठेवा.

आता कायद्याचं. गोव्याच्या १९७६च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनना आणि १९९६ साली जहाजांवरच्या खेळांना मोकळीक दिली गेली. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी त्या तरतुदीवर चालतात. तुमच्या मोबाइलचा तिच्याशी संबंध नाही. आणि बोटींवर तरी तुम्हा-आम्हाला कुठे खेळता येतं? फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना तिथे मनाई आहे. यादीवाले 'गोव्यात कायदेशीर' हे वाक्य मात्र हमखास वापरतात.

त्यावर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. माझ्या त्या अशिलानं कायदा वाचून महिन्याभरात साइट बंद केली. तेव्हा आजही 'भारतात पूर्ण कायदेशीर' म्हणून दहा साइट्स पुढे करणारी यादी पहिल्याच ओळीत खोटं बोलतेय, पुढचं वाचायची गरज नाही. तुमच्या तिन्ही याद्या या एका चाळणीत गळतील असं मला वाटतं.

एक वेगळी गोष्ट, कारण याचा त्रास झालेले लोक माझ्याकडे येतात. पैसे भरताना दरवेळी नवा यूपीआय आयडी, तोही कुणा भलत्याच माणसाच्या नावाचा, असं दिसलं की थांबा. ही बहुधा भाड्यानं घेतलेली खाती असतात, फसवणुकीचा पैसाही त्यांतूनच फिरतो. तिथून जिंकलेली रक्कम तुमच्याकडे आली, तर दुसऱ्या राज्यातले सायबर पोलीस तुमचंही खातं गोठवू शकतात. आधीच पैसे अडकले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट पुसू नका.