चिंतेचं नाव घेऊन प्रार्थना कर

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

घरभाडं, संपत आलेलं नोकरीचं कंत्राट, बाबांची अँजिओप्लास्टी. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये हे तिन्ही डोक्यात असतं आणि प्रार्थनेला बसलं तरी तेच विचार फिरत राहतात, असं तू लिहिलंस.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढ, वचन 6. प्रेषित पौल बेड्यांत असताना सांगतो की चिंता करू नका, आपली मागणी आभारासह देवाला कळवा. ‘प्रभू, सगळं नीट कर’ ही मागणी नव्हे. डोळे मिटण्याआधी कागदावर चिंता लिही, एका ओळीत एकच. तिच्याखाली आज तुझ्या हातात काय आहे ते लिही, जसं घरमालकाला फोन करून भाड्यासाठी मुदत मागणं. ते दुपारच्या आत करून टाक. उरलेलं देवाला मोठ्याने, नाव घेऊन सांग. शेवटी काल मिळालेल्या एखाद्या गोष्टीचे आभार मान. दहा मिनिटं पुरतात, फक्त मोबाइल हातात घेण्याआधी.

मागायचंही आजपुरतंच. निर्गम 16 मध्ये देव इस्राएल लोकांना रानात रोज मान्ना हे अन्न देतो; लोकांनी सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. साठवून टिकला तो शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी. पुढच्या वर्षीच्या नोकरीसाठी आज धीर मागशील तर हाती काहीच लागणार नाही. आजच्या मुलाखतीसाठी माग.

मनात ‘समजा असं झालं तर’ सुरू झालं की प्रार्थना थांबून काळजी सुरू झालेली असते. तेव्हा झगडत बसू नकोस, स्तोत्र 13 मोठ्याने वाच. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा ‘किती काळ’ असं विचारतो, म्हणजे तक्रारसुद्धा प्रार्थनेत चालते.

दादर येईपर्यंत तीच चिंता परत आली, तर विश्वास कमी पडला असं समजू नकोस. गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली (मत्तय 26:44). तूही पुन्हा सांग.

कॅथलिक मैत्रिणीबरोबर माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारच्या प्रार्थनेला जातेस, जरूर जा. मात्र नऊ बुधवार म्हणजे देवाकडे भरलेले हप्ते नव्हेत. असा सौदा केला की मागणं पूर्ण झालं नाही तर देवाचाच राग येतो, आणि प्रार्थना तिथेच तुटते.

आणखी एक, मनापासून सांगते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांकडे जा किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. तो सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. औषध घेणं हा अविश्वास नाही. पौलासोबत प्रवास करणारा लूक वैद्यच होता.

रविवारी उपासनेनंतर थांब, बाबांसाठी दोघी मिळून प्रार्थना करू. अँजिओप्लास्टीची तारीख आणि वेळ मात्र आधी कळव.

तुझी,
मावशी