क्रोन्स डिसीजमध्ये बरं वाटू लागल्यावर गोळ्या बंद करून नुसत्या पथ्यावर राहता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ २४ वर्षांचा, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार) निघाला, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करून महिना झाला, जुलाब थांबले, भूक परत आली. आता तो म्हणतो, गोळ्या पुरे झाल्या, पथ्य सांभाळतो.

सगळ्यात आधी, प्रेडनिसोलोन एकदम बंद करू देऊ नका. काही आठवडे हे औषध पोटात गेलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबली तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. नेहमीची पद्धत म्हणजे रोज ४० मिलिग्रॅमने सुरुवात करून पुढे दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम उतरवत साधारण आठ आठवड्यांत शून्यावर यायचं. हा तक्ता डॉक्टरांकडून तारखांसकट लिहून घ्या. 'हळूहळू कमी करा' एवढंच ऐकून घरी आलात तर घोळ होतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, रात्री घेतली तर झोप उडते.

आता 'बरं वाटतंय' याबद्दल. क्रोन्समध्ये पोट शांत झालं म्हणजे आतडं भरून आलं असं नाही. स्टेरॉइड दाह दाबतं, पण आतले व्रण त्याने नीट भरतीलच याचा भरवसा नसतो. शिवाय हा दाह अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारासारखा फक्त आतल्या अस्तरापुरता राहत नाही, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. तो मुकाट्याने धुमसत राहिला की भिंतीत जुन्या जखमेच्या खुणेसारखा घट्ट थर तयार होतो आणि जागा अरुंद होते, किंवा भिंतीला भोक पडून शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात, गुदद्वाराजवळच्या कातडीत वाट निघते. तेच भगंदर. घट्ट झालेली अरुंद जागा औषधाने पुन्हा रुंद होत नाही, तिथे दुर्बिणीतून फुगा घालून ती ताणावी लागते किंवा शस्त्रक्रिया. हे होण्याआधीच आवरायचं, आणि त्याची वेळ आताच आहे.

म्हणून पोटाला विचारू नका, शौचाच्या नमुन्याला विचारा. फीकल कॅलप्रोटेक्टिन ही आतड्यातला दाह दाखवणारी शौचाची तपासणी १५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर आतडं बहुधा शांत आहे, २५० च्या वर असेल तर लक्षणं नसली तरी दाह चालू असण्याची शक्यता मोठी. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. आधीच्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं असेल तर आकडा फसवा वाढतो. तशाही या दोन्ही गोळ्या क्रोन्समध्ये टाळायच्याच, दुखलं तर पॅरासिटामॉल. औषध लागू पडलं असं वाटलं तरी सहा ते बारा महिन्यांत पुन्हा दुर्बिणीने बघून घेणं मला आवश्यक वाटतं.

स्टेरॉइड आग विझवायला, पुढे आजार शांत राहायला दुसरं औषध लागतं. बहुतेकदा ॲझाथायोप्रिन (रोगप्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारी गोळी) देतात, वजनाच्या दर किलोला रोज २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ते १५० मिलिग्रॅम. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला तीन महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणारे पुष्कळ, आणि नुकसान तिथेच होतं. सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या तपासण्यांबद्दल विचारा (शरीर हे औषध नीट पचवतं का ते त्यातून कळतं), काहींच्या शरीरात हे औषध साचतं आणि पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. पहिल्या महिन्यात रक्ततपासणी वरचेवर, नंतर दर तीन महिन्यांनी. मध्येच ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. पहिल्या काही आठवड्यांत वरच्या पोटात जोरात दुखून पाठीत कळ गेली तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते, गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

आजाराचा जोर जास्त असेल किंवा भगंदर असेल तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं बायोलॉजिकल (दाह पेटवणारा ठरावीक घटक अडवणारं) इंजेक्शन सुरुवातीलाच देतात: पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. हे मनाने थांबवून पुन्हा सुरू केलं तर शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं आणि औषध निकामी होऊ शकतं. हे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हेपॅटायटिस बी यांची तपासणी झालीच पाहिजे. एक गोष्ट आवर्जून विचारा: आतड्याचा क्षयरोग नक्की नाही ना? तो नेमका याच भागात बसतो, दुर्बिणीतून क्रोन्ससारखाच दिसतो, आणि त्यावर स्टेरॉइड दिलं तर पसरतो.

पथ्याचं म्हणाल, तर मोठ्या माणसात औषधाची जागा घेईल असं पथ्य नाही. (लहान मुलांमध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रव पोषण-फॉर्म्युला देऊन आजार शांत करतात, पण तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचारच.) स्कॅनमध्ये अरुंद जागा आहे का ते विचारा. असेल तर साली, बिया, धागेदार भाज्या बंद, बाकी मऊ शिजवून, थोडं थोडं, नीट चावून. नसेल आणि पोट शांत असेल तर तंतुमय पदार्थ टाळायचं कारण नाही. उगाच एकेक पदार्थ सोडत गेल्याने वजन उतरतं. ते महिन्यातून एकदा लिहून ठेवा. बी१२ याच शेवटच्या भागात शोषलं जातं, म्हणून त्याची पातळी वर्षातून एकदा तरी बघा, सोबत लोह आणि ड जीवनसत्त्व. सिगारेट ओढत असेल तर ती सोडणं कुठल्याही पथ्यापेक्षा मोठं, कारण तिच्याने हा आजार उलटतो आणि शस्त्रक्रियेची पाळी येण्याची शक्यता वाढते.

पोट फुगून उलट्या होताहेत आणि गॅससुद्धा सरत नाही, पोटदुखीबरोबर ताप आहे, गुदद्वाराजवळ ठणकणारी गाठ आली आहे, किंवा लघवीतून हवेचे बुडबुडे येताहेत, यातलं काहीही झालं तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि नुसते जुलाब परत आले तर घरात उरलेलं स्टेरॉइड मनाने सुरू करू नका. आधी शौचाची जंतुसंसर्गासाठी तपासणी, त्यात सी. डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचीही. जुलाब संसर्गाचे निघाले तर उपचार वेगळा.