वाचताना पात्रांचे चेहरे दिसत नसतील तर?

तुमचा प्रश्न असा आहे: कादंबरी वाचताना इतरांना पात्रं सिनेमासारखी डोळ्यांपुढे दिसतात म्हणे, तुम्हाला मात्र एकही चेहरा धड दिसत नाही, तर वाचनात काही उणं राहतंय का? शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मी नुसते शब्दच वाचतो की काय.’ ते वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मलाही चेहरे दिसत नाहीत. कळायला लागल्यापासून वाचतेय, पण एकाही नायिकेचं नाक कसं होतं ते मला सांगता यायचं नाही. हे माझ्या लक्षात आलं ते ताईमुळे. लहानपणी आम्ही दोघी एकच पुस्तक आळीपाळीने वाचायचो. एका कादंबरीत घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. मी सहज विचारलं, “त्याला मिशी आहे ना गं?” ताईने मानही वर केली नाही. म्हणाली, “छे, मिशी कुठली? गालावर दोन दिवसांचे पांढरे खुंट आहेत. आणि डावी भुवई जरा वर चढलेली.” मी अख्खं पुस्तक पुन्हा चाळलं. लेखकाने ना मिशीबद्दल काही लिहिलं होतं, ना भुवईबद्दल.

मग तिने मला विचारलं, “तुला कसा दिसतो?” मला काही सांगताच येईना. खूप वेळाने म्हटलं, “तो उठताना आधी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरतो. जरा थांबतो. मग उठतो. आणि बोलताना आपल्याकडे बघत नाही, हातातल्या घड्याळाकडे बघतो.” हेही पुस्तकात नव्हतं. तिचा म्हातारा तिने घडवला होता, माझा मी. तिच्याकडे चेहरा होता आणि माझ्याकडे त्याचं उठणं-बसणं.

माणसामाणसांत हा फरक असतो हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८० साली लोकांना प्रश्नावली पाठवली होती: आज सकाळी ज्या टेबलावर न्याहारी केलीत ते डोळ्यांपुढे आणा, ते किती उजळ दिसतं, रंग दिसतात का, ते सांगा. आधी त्यांनी ओळखीच्या शास्त्रज्ञांना विचारलं होतं आणि त्यांतल्या अनेकांनी सांगितलं की मनात असं चित्र वगैरे आम्हाला दिसत नाही. ‘डोळ्यांपुढे येणं’ हा नुसता बोलण्याचा अलंकार आहे असंच ते समजून चालले होते. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी मनातलं चित्र किती स्पष्ट आहे हे मोजायला सोळा प्रश्नांची कसोटी तयार केली, ती आजही वापरतात. आणि ज्यांना मनात चित्र अजिबात दिसत नाही त्यांच्या या अवस्थेला २०१५ साली मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. हा आजार नव्हे. पूर्ण काळोखापासून फोटोसारख्या लख्ख चित्रापर्यंत मधे असंख्य पायऱ्या आहेत आणि बहुतेक माणसं मधल्याच कुठल्यातरी पायरीवर असतात. तुम्हीही असाल.

मार्क्स यांच्या कसोटीतली एक गोष्ट मला फार आवडते. ओळखीचं माणूस आठवा असं सांगून ते आधी चेहरा-खांद्यांची ठेवण विचारतात, मग डोकं कसं धरतो, अंग कसं ठेवतो ते, आणि तिसऱ्या प्रश्नात विचारतात, तो चालतो कसा, पाऊल किती लांब टाकतो? म्हणजे चालणंही आठवणीतल्या चित्राचाच भाग धरलेलं आहे. तुम्ही स्वतःला फक्त चेहऱ्याचा प्रश्न विचारताय. चालण्याचा विचारून पाहिलात का?

शब्दांची अडचणही लक्षात घ्या. चेहरा आपण एका नजरेत बघतो, वाक्य मात्र एकामागून एक शब्द पुढे सरकतं. टपोरे डोळे, चाफेकळी नाक, गव्हाळ वर्ण, हनुवटीवर तीळ... तिळापर्यंत पोचेस्तोवर डोळे विरून गेलेले असतात. आणि चाफेकळी नाक वाचताना चाफ्याची कळी कुणाला दिसते? आपल्याला एवढंच कळतं की बाई देखणी आहे आणि आपण पुढे जातो. उलट लेखकाने ‘खांदे पाडून चालणारा’ एवढे तीन शब्द लिहिले की माणूस उभा राहतो, कारण चालणंही वाक्यासारखंच एकामागून एक घडणारं आहे.

जर्मन लेखक लेसिंग यांनी १७६६ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात ज्या हेलनसाठी एवढं युद्ध पेटलं, तिच्या रूपाचं तपशीलवार वर्णन नाहीच. ती तटावर येते, तिथे बसलेले ट्रॉय नगरातले म्हातारे तिला बघतात आणि हळू आवाजात एकमेकांना म्हणतात की हिच्यापायी लोकांनी इतकी वर्षं हाल सोसले यात नवल नाही. ज्यांची वयं झाली आहेत, ज्यांची मुलं त्या लढाईत उतरली आहेत, ती माणसं असं म्हणतात! हेलनचा चेहरा मला आजही दिसत नाही. पण त्या म्हाताऱ्यांचे आवाज खाली आलेले मला ऐकू येतात आणि तेवढ्यावर तिच्या रूपाची खात्री पटते.

आता ज्यांना लख्ख दिसतं त्यांच्याबद्दल. मोठी झाल्यावर मी ताईला एकदा खोदून विचारलं, त्या म्हाताऱ्याचे कान कसे आहेत? ती गप्प झाली. मग म्हणाली, “आत्ता तू विचारलंस म्हणून दिसायला लागले.” मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. म्हणजे तिच्यापुढेही पूर्ण चित्र तयार नव्हतंच, जिथे नजर वळेल तेवढंच उजळत होतं. त्यामुळे ‘सगळं सिनेमासारखं दिसतं’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं मानू नका, पण मनाला लावूनही घेऊ नका.

मधल्या मोकळ्या जागा आपण ओळखीच्या माणसांनी भरतो. एका कादंबरीतल्या शिस्तप्रिय आत्याबाईंना मी माझ्या गणिताच्या बाईंचे हात दिलेत. पुढे लेखकाने स्पष्ट लिहिलं की आत्याबाईंची बोटं आखूड आणि जाड होती. मी ते वाचलं, समजलं, आणि पुढच्या पानावर पुन्हा त्याच लांबसडक बोटांनी त्या चष्मा पुसू लागल्या. म्हणून मला वाटतं, लेखकाने एखादी खूण द्यायचीच तर पहिल्या भेटीत द्यावी. शंभर पानं एखाद्याबरोबर काढल्यावर त्याचे केस कुरळे असल्याचं कळलं तर वाचक ते मानत नाही.

आणि चित्रकाराने एकदा चेहरा दिला की तो पुसता पुसत नाही. शेरलॉक होम्स म्हटलं की पुढे-मागे झापा असलेली ती टोपी आलीच. पण त्या टोपीचं नाव, डीअरस्टॉकर, कॉनन डॉयल यांनी एकाही कथेत लिहिलेलं नाही. १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकासाठी चित्रं काढताना सिडनी पॅजेट यांनी ती त्याच्या डोक्यावर चढवली. काफ्काला हा धोका बरोबर कळला होता. माणसाचा किडा होतो ती त्याची कथा १९१५ साली पुस्तकरूपाने निघत होती, तेव्हा त्याने प्रकाशकाला पत्र लिहून विनवलं की मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. त्याऐवजी बंद दारापुढे उभे असलेले आईवडील दाखवा, असं त्याने सुचवलं. पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावर तोंड झाकून घेतलेला एक माणूस होता आणि मागे किलकिलं दार. दारामागे नुसता काळोख. लेखक स्वतःच जिथे म्हणतो की बघू नका, तिथे ज्याला चित्र दिसत नाही त्या वाचकाने का खंतावावं?

तुमच्या ‘नुसते शब्दच’ला माझं खरं उत्तर पुढच्या प्रसंगात आहे. त्या घड्याळवाल्या म्हाताऱ्याच्या कादंबरीवर पुढे नाटक आलं. आम्ही दोघी गेलो. पडदा वर गेला, नट टेबलाशी बसलेला होता. ताई लगेच कुजबुजली, “हा नव्हे.” तिला त्याचा चेहरा फार भरलेला वाटला. मला काहीच वाटलं नाही, कारण ताडून बघायला माझ्याकडे चेहराच नव्हता. मग दारावर थाप पडली आणि तो नट एका झटक्यात, हात टेबलाला न लावता उठला. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “नाही, नाही, हा नव्हे!” पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

ज्या माणसाला मी कधी पाहिलंच नव्हतं, तो हा नव्हे हे मला पक्कं ठाऊक होतं. नुसते शब्द वाचले असते तर हे कुठून कळलं असतं? तुम्हालाही असं झालं असणार. आवडत्या पुस्तकावरचा सिनेमा बघताना ‘हा तो नाही’ असं आतून आलं असेल, तर त्या माणसाला तुम्ही ओळखता, चेहरा दिसो वा न दिसो.

सध्या जे पुस्तक वाचताय त्यात कुणी खोलीत शिरतं तिथे थांबून बघा. तो कसा दिसतो हे विचारू नका. दार मागे लावून घेईल की उघडं टाकेल? बसायला सांगेपर्यंत उभा राहील का? आवाज आधी येईल की माणूस? उत्तरं बहुधा पटकन येतील, आणि ती पुस्तकात लिहिलेली नसतील. करून बघा आणि काय आलं ते इथेच खाली सांगा, मला खरंच वाचायचं आहे.